बिनबोभाट राहायचं कसं

कंपनीने लंडनला पाठवलंय, पोरांना चांगली शाळा हवी, शहरातल्या गोंगाटात राहायचं नाही, म्हणून तुम्ही शांत उपनगरात घर शोधताय असं कळलं. अभिनंदन. लंडनच्या मेट्रोपॉलिटन या रेल्वेलाइनच्या टोकाकडच्या एका गल्लीत मी नऊ वर्षं काढली आहेत, तेव्हा चार गोष्टी सांगायचा मला अधिकार आहे. शिवाय गेल्या मंगळवारपासून कुणाला तरी काहीतरी सुनावल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाहीये.

आधी घर. एजंट तुम्हाला ‘क्वाएट कल-द-सॅक’ दाखवेल. म्हणजे तोंड बंद असलेली गल्ली. माणसांबद्दल तो वेगळं काही सांगणार नाही, त्यातच आलं ते. घर सेमी-डिटॅच्ड, एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक, पुढे पोट सुटल्यासारखी गोल खिडकी, बाहेरच्या भिंतींवर बारीक खडी थापलेली. 1915 पासून रेल्वे कंपनीने ‘मेट्रो-लँड’ नाव देऊन या रुळांकाठच्या आयुष्याची जाहिरात केली: नोकरी शहरात, घर हिरवळीत. तीसच्या दशकात घरं धडाधड उठली आणि लोक राहायला आले. त्यानंतर त्यांच्यापैकी कुणी कुणाशी बोललं असल्याचा पुरावा मला तरी सापडलेला नाही. मी डोंबिवलीची. उपनगर म्हणजे जिन्यात तिघींशी बोलून, एकीची वाटी परत करून मग स्टेशनकडे पळायचं, अशी माझी भाबडी समजूत होती.

हवेबद्दल बोला. मत देऊ नका.

मोहरी तडतडण्याआधी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्या, वास शेजारी जातो. मग धुराचा अलार्म किंचाळेल, तेव्हा ती उघडा. सुके बोंबील विसरा.

‘यू मस्ट कम राउंड फॉर टी’ असं कुणी म्हणालं तर ‘हाउ लव्हली’ म्हणा आणि घरी जा. मी भोळी, पहिल्या वर्षी ‘कधी येऊ?’ असं विचारून बसले होते. त्या बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर फक्त एकदाच पाहिलं, पार्किंगच्या वेळी.

हां, पार्किंग. घरासमोरचा रस्ता कुणाच्या बापाचा नसतो, हे इथल्या कायद्यातही तसंच आहे. पण हे कायद्याला माहीत, गल्लीला नाही. माझा भाऊ दोन दिवस राहायला आला, शेजारच्या घरापुढे गाडी लावली, तर काचेवर चिठ्ठी: ‘हाय देअर! जस्ट अ जेंटल रिमाइंडर’, आणि शेवटी हसरा चेहरा. सही नाही. जेंटल हा शब्द दिसला की समजायचं, समोरच्याने दात आवळलेत.

घर वाढवायचं असेल तर कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, अर्ज करा. शेजाऱ्यांना हरकती नोंदवायला 21 दिवस असतात, आणि त्या हरकती कौन्सिलच्या वेबसाइटवर चक्क वाचता येतात. जरूर वाचा. कुंपणावरून ‘ओह, हाउ एक्सायटिंग’ म्हणणाऱ्या गृहस्थांनी आमच्या एका खोलीवर दोन पानं लिहिली होती. उजेड अडेल, गल्लीचं ‘कॅरेक्टर’ बिघडेल. उजेड उत्तरेकडचा होता. डिसेंबरात चारच्या आत मावळणाऱ्या सूर्याचा हिशेब मांडून कुणी भांडतं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

कुंपणाच्या झाडांची उंची दोन मीटरच्या वर जाऊ देऊ नका. त्यावर 2003 चा कायदा आहे. विनोद नाही हा.

रविवारी सकाळी गवत कापायचं यंत्र चाललं तर तो आवाज धरत नाहीत. लहान मूल रडलं तर धरतात. गणपतीची आरती संध्याकाळी साडेसातला, खिडक्या लावून, झांजांना हातरुमाल गुंडाळून म्हणावी. खुल्या गळ्याने म्हणायची हौस असेल तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात जा. 1932 पासूनचं मंडळ आहे, तिथे कुणी ‘शू’ म्हणत नाही.

आता बिन, म्हणजे कचरापेटी. घरात बाळ नसलं तरी चालेल, पण बिनचं वेळापत्रक तोंडपाठ हवं. निळी रिसायकलिंगची, करडी बाकी कचऱ्याची, दोन्ही आलटून पालटून एकेका आठवड्याला. तपकिरी बागेची, तिचे पैसे वेगळे. शिवाय उष्ट्याखरकट्याचा छोटा डबा. आदल्या संध्याकाळी बाहेर काढायच्या, सकाळी सातच्या आत फुटपाथच्या कडेला हव्यात, दांडा रस्त्याकडे, झाकण पूर्ण बंद. झाकण उघडं असेल तर कचऱ्याची गाडी तिला शिवत नाही. नऊ वर्षं मी हे पाळलं. सुतक पाळलं नसेल इतकं पाळलं. नवऱ्याशी माझा रात्री साडेदहाचा संवाद म्हणजे ‘उद्या कुठली?’ एवढाच उरलाय.

आणि मग गणपती आले. घरी तीस माणसं जेवली, मोदक झाले, पाच नारळ फुटले. आता करवंटी कशात टाकायची ते सांगा. अन्न म्हणावं तर दगडासारखी. बाग म्हणावं तर ती झाली कोकणात. मी साडेअकरा वाजता हातात करवंटी घेऊन पावसात चार बिनांसमोर उभी होते, आणि शेवटी करड्या बिनमध्ये सगळं कोंबलं, वरून हाताने दाबलं, जिवाच्या आकांताने दाबलं. झाकण चार बोटं वर राहिलं. चार बोटं.

सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो. बिनचा क्लोजअप, झाकणातून एक करवंटी शेंडीसह डोकावतेय. खाली मजकूर: ‘नॉट नेमिंग नेम्स, पण आपण सगळ्यांनी कोल्ह्यांचा विचार करायला हवा.’ इथे कोल्हे रात्री कचरा उपसतात, म्हणून. नाव घेतलं नव्हतं हे खरं. बिनवर फक्त पांढऱ्या रंगात हातभर मोठा 14 आकडा होता. नवऱ्यानेच रंगवलाय, सुबक काढतो. आठ वाजेपर्यंत त्यावर सतरा अंगठे. एकाने लिहिलं, ‘इज दॅट अ कोकोनट?’

सतरा माणसं जागी होती. फोटो काढणारा माणूस माझ्या दारापासून दहा पावलांवर उभा होता. मी खिडकीतून पाहिलं त्याला, आधी वाकून एक, मग मागे सरकून एक, असे दोन फोटो काढले. झाकण दाबायला लागला असता अर्धा मिनिट. बेल वाजवायला त्याहून कमी. मी दार उघडलं असतं, सॉरी म्हणाले असते, वर दोन मोदक दिले असते.

अशा वेळी काय करायचं, हे सांगायचं होतं मला. सल्ला असा तयार होता, की ग्रुपवर हसरा चेहरा टाका, ‘सो सॉरी, ऑल!’ लिहा, आणि पुढच्या वेळी करवंट्या सुटकेसमध्ये भरून डोंबिवलीला न्या. मी हसरा चेहरा टाकलाही. पण मग वर, जुन्या मेसेजांकडे गेले. गेल्या फेब्रुवारीतला एक फोटो मला शोधायचा होता.

तोही बिनचाच. निळी, रिकामी, फुटपाथवर. समोरच्या 11 नंबरच्या आजोबांची. हे आजोबा दोन खुंट्यांना दोरा ताणून कुंपण कापायचे, दोऱ्याखाली जेवढं तेवढंच ठेवायचे. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात, बोलावल्याशिवाय, घेवड्यासारख्या शेंगांची पिशवी घेऊन दारात आलेला या गल्लीतला एकमेव माणूस. मंगळवारी सकाळी गाडीने बिन रिकामी केली. बुधवारी ती बाहेरच. गुरुवारी सकाळी ग्रुपवर फोटो: ‘रहिवाशांनी कृपया बिन्स वेळेवर आत घ्याव्यात, फुटपाथवर बाबागाडी अडते.’ अकरा अंगठे.

गुरुवारी संध्याकाळी त्यांची मुलगी आली, मग अ‍ॅम्ब्युलन्स. बाथरूममध्ये पडले होते, मंगळवार दुपारपासून. दोन रात्री थंड फरशीवर. वाचले. आता कुठल्याशा केअर होममध्ये आहेत, आणि त्या घरावर विक्रीची पाटी लागलीय. त्या संध्याकाळी ग्रुपवर लाल बदाम आणि फुलांचा सडा पडला होता.

दिसत नाही का रे तुम्हाला? चार बोटं उघडलेलं झाकण सकाळी सातच्या काळोख्या पावसात दिसतं, आणि दोन दिवस न उघडलेला पडदा दिसत नाही? गल्लीच्या तोंडाशी नेबरहूड वॉचची पिवळी पाटी आहे. 1982 साली चेशायरमधल्या मॉलिंग्टन गावात ही कल्पना सुरू झाली म्हणतात, शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या घरावर नजर ठेवायची म्हणून. कुठल्या घरावर? आमच्या चाळीत पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं नाक सगळ्यांच्या भानगडीत असायचं, मी स्वतः त्यांना शिव्या घातल्यात. पण त्यांच्या मजल्यावर दुधाची पिशवी सकाळी नऊपर्यंत कडीला लटकत राहिली असती, तर दहाच्या ठोक्याला दार फोडलं असतं त्या बाईने.

प्रायव्हसी म्हणे! प्रायव्हसी असते तर फोटो कशाला काढता? तुम्हाला सगळं दिसतं, सगळं कळतं, फक्त उंबऱ्याशी जायचं धैर्य नाही. भेकड आहात. हसरे चेहरे टाकणारे भेकड.

आणि मराठी मंडळी, तुम्ही गालातल्या गालात हसू नका. या गल्लीत आपली तीन घरं आहेत. गणपतीला माझ्याकडे जेवून गेलेल्या एकाचा अंगठा त्या करवंटीवर आहे, मोदक पचायच्या आत. पाहुणे जरा मोठ्याने बोलले की ‘हळू, शेजारी काय म्हणतील’ असं आपणच म्हणतो. शेजारी काही म्हणत नाहीत हीच तर रड आहे!

आजोबांच्या बिनवरचे अकरा अंगठे मी परवा एकेक करून दाबून पाहिले. सातवा माझा होता. घेवडा खाल्लेल्या हाताचा. कामाला जाता जाता, ट्रेनमध्ये, न वाचता दिला असेल. ‘असेल’ कशाला, दिलाच.

तर मंगळवारचा फोटो ज्याने काढला त्याला, आणि त्या सतरा अंगठेवाल्यांना: उद्या निळी आहे. भरून वाहतेय, मी मुद्दाम दाबलेली नाही. काही म्हणणं असेल तर 14 नंबर, डाव्या हाताला बेल. बटण कडक झालंय, जरा जोर लावून दाबा.