‘सगळे डीव्हीडी रायटर सारखेच, स्वस्तातला उचला’ या फॉरवर्डला उत्तर

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज लय फिरतोय. तालमीच्या ग्रुपवर आला, अपार्टमेंटच्या ग्रुपवर आला, पाहुण्यांच्या ग्रुपवर तर दोनदा आला. "घरच्या कॉम्प्युटरला डीव्हीडी रायटर घ्यायचाय? आधी हे वाचा" अशी सुरुवात आहे आणि खाली पाच गोष्टी. एक, सगळे रायटर एकाच फॅक्टरीत बनतात, ब्रँडला पैसे घालू नका, सगळ्यात स्वस्त तो घ्या. दोन, जेवढा एक्स (म्हणजे वेगाचा आकडा) जास्त तेवढा रायटर भारी, २४एक्सच्या खाली बघूच नका. तीन, यूएसबी ३ वाला घेतला की दुप्पट वेगानं डिस्क मारून (म्हणजे लिहून) होते. चार, कोरी डिस्क कुठलीही चालते, फक्त स्पीड सगळ्यात कमी ठेवा. पाच, एकदा मारलेली डिस्क १०० वर्षं टिकते, मग हार्ड डिस्कवर कॉपी ठेवायची गरज नाही.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण हे वाचून लोक खरंच पैसे घालायला लागलेत आणि पाचव्या मुद्द्यानं तर घरातल्या आठवणी जातील, म्हणून सविस्तर लिहितोय. आणि "आता सीडी कोण वापरतं" असं म्हणणाऱ्यांनी जरा घरातलं कपाट उघडून बघावं. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लग्नांच्या डीव्हीडी, मुंज, बारसं, खासबागेतल्या कुस्त्यांचं कुणीतरी केलेलं शूटिंग, आजोबांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, सगळं डिस्कवर आहे. सीटी स्कॅन, एमआरआयची सीडी अजून पेशंटच्या हातात मिळते, आणि वकील मंडळी रेकॉर्डिंग सीडीवर मागतात. तेव्हा घरात एक चांगला रायटर असावाच लागतो बऱ्याच जणांना.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. बाहेरचं नाव एक आणि आतला ड्राइव्ह दुसऱ्याचा, हे या धंद्यात पहिल्यापासून चालतं. स्वतः बघा, कॉम्प्युटरमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, डीव्हीडी ड्राइव्हच्या खाली जे नाव दिसतं ते वाचा. एचएल-डीटी-एसटी असं असेल तर तो हिताची आणि एलजीच्या भागीदारीतल्या कंपनीचा, टीएसएसटीकॉर्प असेल तर तोशिबा-सॅमसंगचा, पीएलडीएस असेल तर फिलिप्स-लाइटऑनचा, माटशिटा असेल तर पॅनासॉनिकचा. वर खोका डेलचा असो नाहीतर एचपीचा. म्हणजे बनवणारे मोजकेच होते हे बरोबर. पण "मोजके" आणि "एकच" यात फरक आहे की नाही? प्रत्येकाचा लेझर वेगळा, फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) वेगळं, आणि डिस्कवर किती स्वच्छ लिहिलं जाणार ते त्यावरच ठरतं.

आणि खरा धोका पुढंच आहे. ऑनलाइन हजार-बाराशेला जे बिननावाचे चपटे एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून यूएसबीला लावायचे रायटर मिळतात त्यात कुठला ड्राइव्ह आहे हे खोक्यावर लिहिलेलंच नसतं. आमच्या शेजारच्या काकांनी असा एक मागवला, महिनाभरात डिस्क ओळखेना, मग त्यांच्या पोरानं चार स्क्रू काढून बघितलं तर आत कुठल्यातरी जुन्या लॅपटॉपमधून काढलेला ड्राइव्ह, स्टिकरवर २०११ ची तारीख आणि वरचं प्लॅस्टिक तेवढं नवंकोरं. प्रत्येक स्वस्त रायटर असाच असतो असं मी म्हणत नाही, पण तुम्हाला आत काय आहे ते कळायला मार्गच नाही, वॉरंटीला कुणाकडं जायचं ते पण माहीत नाही. एलजी, आसुस, ट्रान्सेंड असल्या नावाचा एक्स्टर्नल साधारण दोन-अडीच हजाराच्या आसपास मिळतो, मॉडेल नंबर असतो, वॉरंटी असते. माझ्या मते तो वरचा हजार रुपये घालावाच.

आता एक्सचं बघू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक या आकड्यात होते. सीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला जवळपास १.३८ एमबी, म्हणजे नऊ पट. ब्लू-रेचा १एक्स तर साडेचार एमबी. तीन वेगळी मापं, पण खोक्यावर सगळ्यांना एक्सच लिहितात. चपट्या एक्स्टर्नल रायटरच्या खोक्यावर जो २४एक्स दिसतो तो बहुतेक वेळा सीडीचा असतो, त्याचा डीव्हीडी लिहायचा स्पीड असतो ८एक्स. हिशोब करून बघा, २४एक्स सीडी म्हणजे सेकंदाला साडेतीन एमबीच्या आसपास आणि ८एक्स डीव्हीडी म्हणजे ११ एमबी. फॉरवर्डवाला ज्या मोठ्या आकड्याच्या मागं लागायला सांगतोय तो छोट्या आकड्यापेक्षा हळू निघाला.

कॅबिनेटच्या आत बसणाऱ्या मोठ्या रायटरमध्ये डीव्हीडीला खरंच २४एक्स असतो, ते कबूल. पण तो स्पीड पूर्ण डिस्कभर मिळत नाही, आतून सुरुवात हळू होते आणि अगदी बाहेरच्या कडेला जाऊन तो आकडा गाठला जातो. शिवाय बाजारात मिळणाऱ्या कोऱ्या डीव्हीडीवर लिहिलेलं असतं १६एक्स. २४एक्स हा ठरावीक चांगल्या डिस्क ओळखून रायटर स्वतःच्या जोरावर देतो. पूर्ण भरलेली ४.७ जीबीची डिस्क १६एक्सनं साधारण सहा मिनिटांत होते, २४एक्सनं फार तर मिनिट-दीड मिनिट वाचतं, आणि त्याच्या बदल्यात कडेला चुका वाढतात. लग्नाची डीव्हीडी मारताना मिनिट वाचवून करायचं काय?

यूएसबी ३ चं थोडक्यात सांगतो. ८एक्स डीव्हीडीला लागतात सेकंदाला ११ एमबी, आणि साधी यूएसबी २ प्रत्यक्षात ३० एमबीच्या आसपास सहज देते. पाणी जायला पाइप आधीच मोठा आहे, अजून मोठा बसवून नळाची धार वाढत नाही. यूएसबी ३ चा उपयोग दुसरीकडंच आहे, करंटमध्ये. यूएसबी २ चं पोर्ट नियमाप्रमाणं ५०० मिलीअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००, आणि मोटर आणि लेझर एकदम जोर लावतात तेव्हा चपट्या रायटरला ५०० पुरत नाहीत. मग ऐंशी-नव्वद टक्क्याला जाऊन बर्न फेल होतं, ड्राइव्ह मधेच गायब होतो, आणि लोक म्हणतात रायटर खराब निघाला. बऱ्याचदा रायटर चांगला असतो, केबल लांब असते नाहीतर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावलेला असतो. मागच्या पोर्टला, कंपनीनं दिलेल्या आखूड केबलनं लावून बघा, जुना कॉम्प्युटर असेल तर दोन तोंडांची वाय केबल घ्या. आणि पावसाळ्यात आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळं डेस्कटॉप यूपीएसवर असल्याशिवाय डिस्क मारायला घेऊ नका. सगळ्या रायटरमध्ये बफर अंडररन प्रोटेक्शन असतं हे खरं, पण ते डेटा यायला उशीर झाला तर सांभाळून घेतं, लाइट गेल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

चौथा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण रायटर निवडताना लोक डिस्ककडं बघतच नाहीत. कोऱ्या डीव्हीडीवर कारखान्यातच एक कोड कोरलेला असतो, ही डिस्क कुणी बनवली, कुठल्या प्रकारची आहे. रायटरमध्ये डिस्क घातली की तो हा कोड वाचतो आणि आपल्या फर्मवेअरमधल्या यादीत शोधतो, या कोडच्या डिस्कला लेझर किती ताकदीचा द्यायचा, किती वेळ द्यायचा, सगळं तिथं लिहिलेलं असतं. यादीत नाव सापडलं तर काम चोख, नाही सापडलं तर अंदाजपंचे एक ठरावीक सेटिंग लावून तो लिहितो. म्हणून एकच रायटर एका डब्यातल्या पन्नासच्या पन्नास डिस्क झकास मारतो आणि दुसऱ्या डब्यातल्या निम्म्या उडवतो. इमजीबर्न नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कोरी डिस्क घातली की उजव्या बाजूला हा कोड दिसतो, एमसीसी, सीएमसी, रिटेक असं काहीतरी. एकदा चांगली जोडी जमली की तो कोड लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तोच मागा.

नुसत्या ब्रँडवर पण जाऊ नका. व्हर्बाटिमच्या डिस्कचं नाव झालं ते मित्सुबिशी केमिकलच्या अॅझो नावाच्या रंगद्रव्यामुळं (डिस्कमधल्या ज्या थरावर लेझर लिहितो तो), आणि २०१९ मध्ये तो धंदा तैवानच्या सीएमसीनं घ्यायचं ठरलं. आपली मोजर बेअर एकेकाळी जगातल्या मोठ्या डिस्क कंपन्यांत होती, २०१८ मध्ये ती लिक्विडेशनला गेली, म्हणजे कंपनी गुंडाळायला निघाली, त्यामुळं आता त्या नावाचा जुना डबा कुणी स्वस्तात देत असेल तर तो किती वर्षं कुठल्या गोडाउनमध्ये पडून होता हे विचारा. कोरी डिस्कसुद्धा पडून पडून खराब होते.

आणि सगळ्यात कमी स्पीडचा सल्ला जुन्या काळातला आहे. तेव्हा बरोबर होता. आता १६एक्सची डिस्क त्या वेगाच्या आसपास लिहिण्यासाठीच बनवलेली असते, अगदी २-४एक्सला लिहिली तर कधीकधी जास्त चुका येतात. डीव्हीडीला ८एक्स ठेवा, सीडीला १६ ते २४, आणि व्हेरिफायची (लिहिलेलं परत वाचून तपासायची) खूण आधीच करून ठेवा, ते तपासून झाल्याशिवाय डिस्क बाहेर काढू नका. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

इथंच अजून एक सांगून टाकतो. विंडोज कोरी डिस्क घातल्यावर विचारतं, पेन ड्राइव्हसारखी वापरायची का सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. बहुतेक जण पहिलं निवडतात आणि मग तीच डिस्क डॉक्टरकडं नाहीतर टीव्हीच्या प्लेअरला चालत नाही. कायम दुसरं निवडा.

१०० वर्षांचं तर कुणी खरं मानू नका. आपण मारतो त्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, लेझरनं तो भाजून माहिती लिहिली जाते. ऊन, उष्णता आणि दमट हवा, तिन्ही त्याचे शत्रू, आणि कोल्हापूरचा पावसाळा म्हणजे चार महिने कपाटातले कपडेसुद्धा सर्द होतात. सीडीचा तर डेटा वरच्या, म्हणजे नाव लिहितो त्या बाजूला पातळ लाखेखालीच असतो, तिथं बॉलपेननं दाबून "दादाचं लग्न" लिहिलं की खालचं गेलं. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मधे असतो म्हणून जरा बरा, पण तिच्यावर कागदी स्टिकर लावलं की ती फिरताना डुगडुगते. मऊ मार्करनं, तेही मधल्या पारदर्शक भागावर लिहा. दीर्घकाळासाठी एम-डिस्क मिळते, तिच्यात रंगद्रव्य नसतं, पण ती लिहायला तसा सपोर्ट असलेला रायटर लागतो, एलजीच्या बऱ्याच मॉडेलना आहे, घेताना खोक्यावर त्याचा लोगो बघा.

पण डिस्क कितीही चांगली असली तरी एकाच घरात एकच कॉपी ठेवून चालत नाही. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत, कुंभार गल्लीत शिरलं तेव्हा काय काय गेलं ते आपण बघितलंय. एक कॉपी डिस्कवर, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावच्या पाहुण्याकडं. फॉरवर्डमधली "हार्ड डिस्कवर ठेवायची गरज नाही" ही ओळ कृपा करून पुढं पाठवू नका.

आता घ्यायचा कसा. डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये मोठा खण असेल तर आतला साटा (बारीक केबलचा) रायटर घ्या, एक्स्टर्नलपेक्षा स्वस्त पडतो आणि पॉवर थेट एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमधून) घेतो, त्यामुळं करंटची कटकट नाही. जुन्या मशीनला रुंद पट्टीची आयडीई (साटाच्या आधीची) केबल असेल तर जुना रायटर दुरुस्त करत बसू नका, सरळ एक्स्टर्नल घ्या. फक्त ट्रे उघडत नसेल तर मात्र टाकून देऊ नका, आतला छोटा रबरी बेल्ट सैल झालेला असतो, रिपेअरवाला किरकोळ पैशात बदलून देतो. बंद पडलेला लॅपटॉप घरात असेल तर त्याचा रायटर काढून काही शे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये बसवता येतो, जाडी तेवढी मोजा, १२.७ का ९.५ मिलिमीटर. परदेशातून आणलेल्या सिनेमाच्या डीव्हीडी बघणार असाल तर रिजन कोड (डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालणार तो आकडा) लक्षात ठेवा, भारत रिजन ५ मध्ये येतो आणि ड्राइव्हमध्ये रिजन फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जो लावाल तो कायमचा.

राजारामपुरीतल्या दुकानात घ्या नाहीतर ऑनलाइन, खोकं फेकू नका. परत करायची मुदत असेपर्यंत एक पूर्ण भरलेली डीव्हीडी ८एक्सला आणि एक सीडी १६एक्सला मारा, व्हेरिफाय करा, मग तीच डिस्क दुसऱ्या कुणाच्यातरी कॉम्प्युटरवर घालून सगळ्यात शेवटची फाइल कॉपी होते का बघा. कडेची फाइल वाचली गेली तर रायटर ठेवा, अडकली तर दुसऱ्या कोडची डिस्क घालून एकदा बघा, तरीही अडकली तर त्याच दिवशी परत करा.