‘ताई, तुम्ही लोकांना घाबरवता’: बालीच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

इंडोनेशियातल्या बाली बेटाच्या सहलीच्या नियोजनावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. इतर वाचकांसाठी तिचा सारांश देते. मी साध्या सहलीचा बाऊ केला. विमानाआधी बारा तास हातात ठेवा आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर करा, हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. तुमच्या साडूंनी क्वालालंपूरला दोन वेगळी तिकिटं जोडून माणशी सात-आठ हजार वाचवले आणि त्यांचं काही बिघडलं नाही. मे महिन्यात उष्ण देशात जा म्हणणं हा विनोद आहे, त्यापेक्षा पाडव्याला जोडून रजा टाकावी. वरण-भाताचं काय, ते मी लिहिलंच नाही. सगळं टूर कंपनीवर सोपवलं की झालं. आणि शेवटी, ‘भातशेती बघायला परदेशात कशाला जायचं? परभणीला काय शेतं कमी आहेत का?’

शेवटचं वाक्य वाचून मी मोठ्यानं हसले. त्याचं उत्तर सगळ्यात लांबलचक देणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी साडूंचं तिकीट. त्यांचं काही बिघडलं नाही, कारण त्यांचं पहिलं विमान वेळेवर उतरलं. सात-आठ हजार वाचले ते त्या भरवशावर. एका पीएनआरवर तिकीट असेल तर मुंबईला किंवा हैदराबादला दिलेली बॅग थेट बालीत, देनपसारच्या विमानतळावर मिळते. मध्ये सिंगापूर असो की क्वालालंपूर, आपण आतल्या आत एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जायचं. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं हे कंपनीचं काम. दोन वेगळ्या तिकिटांत दुसऱ्या कंपनीला तुमच्या पहिल्या विमानाशी काही देणंघेणं नसतं. तुम्ही वेळेत काउंटरवर आला नाहीत, विषय संपला. चार माणसांची चार तिकिटं त्या जागी नव्यानं काढायची, तीही आयत्या वेळच्या भावानं.

शिवाय क्वालालंपूरला करायचं काय काय असतं, ते साडूंना एकदा विचाराच. मलेशियाच्या इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायचं (आपल्याला तिथं सध्या व्हिसा लागत नाही, पण डिजिटल अरायव्हल कार्ड आधी भरलेलं लागतं), पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, एका टर्मिनलला उतरून दुसरं विमान दुसऱ्या टर्मिनलहून असेल तर मधली रेल्वे पकडायची, बॅगा पुन्हा वजन करून द्यायच्या, पुन्हा सुरक्षा तपासणी. स्वस्त तिकिटात हातातली सात किलोची बॅग तेवढी धरलेली असते. मोठ्या बॅगेचे पैसे प्रत्येक तिकिटावर वेगळे. ते धरले की सात-आठ हजारांतले किती उरतात, हा हिशेब तुम्हीच करा, तुम्ही गणिताचे शिक्षक आहात. आणि हाच प्रयोग कोणी सिंगापूरला करू नका. तिथं भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. तो नसेल तर पट्ट्यावरची बॅग घ्यायला बाहेरच पडता येत नाही.

त्यात इंडोनेशिया हा ज्वालामुखींचा देश. 2017 च्या नोव्हेंबरात बालीतल्याच आगुंग पर्वताच्या राखेमुळं तिथला विमानतळ बंद ठेवावा लागला होता. 2024 च्या नोव्हेंबरात फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबीचा उद्रेक झाला आणि बालीची कितीतरी विमानं रद्द झाली. अशा वेळी एकच तिकीट असलेला माणूस एकाच कंपनीशी भांडतो. दोन तिकिटं असलेल्याला दोन्हीकडून ‘आमचा संबंध नाही’ ऐकावं लागतं. हे मी घाबरवायला सांगत नाही. उद्रेक काही रोज होत नाहीत. पण विम्याचा कागद घेताना त्यात हे धरलंय का, एवढं वाचून घ्या.

आता बारा तास. मी मुक्काम करा असं लिहिलंच नव्हतं, सर, हॉटेलचं बिल तुम्ही आपल्या मनानं जोडलंत. परदेशाची बहुतेक विमानं रात्री उशिरा सुटतात. रात्रीच्या रेल्वेनं सकाळी शहरात उतरलात, दिवस एखाद्या नातेवाइकाकडे काढलात, तरी झाले की बारा तास. पण दुपारी चारला पोहोचणाऱ्या गाडीच्या भरवशावर रात्री नऊला काउंटरवर उभं राहायचं ठरवू नका. एकेरी रुळावर क्रॉसिंगसाठी गाडी कुठं किती वेळ उभी राहते, हे परभणीकराला मी सांगायला नको. रात्री साडेबाराचं विमान 15 तारखेचं असेल, तर विमानतळावर 14 च्या रात्रीच पोहोचायचं असतं, म्हणजे रात्रीच्या रेल्वेसाठी घरून 13 लाच निघायचं, हेही पुन्हा सांगते. सोपं वाटतं, पण यात फसलेली शिकलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि मुंबईच कशाला? नांदेड, देगलूर, उदगीर, लातूर, उमरगा या सगळ्या पट्ट्याला हैदराबाद जवळ. देगलूरवरून संगारेड्डी गाठलं की बाहेरच्या रिंगरोडनं शहरात न शिरता शमशाबादच्या विमानतळावर जाता येतं. तिथून सिंगापूर साधारण साडेचार तास, मुंबईहून साडेपाच. पुढे सिंगापूर ते बाली पावणेतीन तास. छत्रपती संभाजीनगर-जालन्याची गोष्ट वेगळी, त्यांना मुंबई सोयीची. फक्त आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे, तेव्हा तिकिटावर कोणता लिहिलाय ते बघूनच टॅक्सीत बसा.

मे महिन्याचा विनोद. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आठ अंशांवर आहे. तिथला पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, त्यातही जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यात जास्त. मे महिन्यात तिथं उघाडीचा हंगाम लागलेला असतो आणि दिवसाचं तापमान तिशीच्या आसपास. दमट असतं, घाम येतो, ते खरं. पण परभणीचा पारा त्याच दिवशी 42-43 वर असतो, मग ‘उष्ण देश’ कोणता म्हणायचा? जुलै-ऑगस्टात ऑस्ट्रेलिया-युरोपातले लोक सुट्ट्यांसाठी येतात आणि हॉटेलांचे भाव चढतात, त्याच्या आधीचे हे दिवस. आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, शेतीवाल्यांनाही मृग लागायच्या आत घरी यायचं असतं. मराठवाड्यातल्या घराला यापेक्षा सोयीचा महिना मला तरी दिसत नाही.

पाडव्याचं मात्र मनातून काढून टाका, निदान तारखा बघेपर्यंत. बालीच्या हिंदूंचं नवं वर्ष शकाच्या हिशेबानंच चालतं. पैठणच्या शालिवाहनाचं म्हणून आपण सांगतो तोच शक, इसवी सनातून 78 वजा केलेला. त्यांच्या पहिल्या दिवसाला न्येपी म्हणतात. त्या दिवशी आख्खं बेट चोवीस तास बंद. दिवे नाहीत, रस्त्यावर माणूस नाही, पर्यटकालाही हॉटेलच्या बाहेर पडता येत नाही, आणि विमानतळसुद्धा बंद. 2023 मध्ये न्येपी आणि पाडवा दोन्ही 22 मार्चला आले, 2026 मध्ये दोन्ही 19 मार्चला. 2024 मध्ये मात्र न्येपी 11 मार्चला आणि पाडवा 9 एप्रिलला. म्हणजे आपल्या कॅलेंडरवरून अंदाज बांधून चालत नाही. स्वतंत्रपणे बघायलाच हवं. ज्यांना ती शांतताच अनुभवायची आहे त्यांनी जरूर जावं, आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह नावाच्या राक्षसांच्या भल्यामोठ्या प्रतिमांची मिरवणूक निघते ती बघण्यासारखी असते. पण चार दिवसांच्या रजेतला एक दिवस खोलीत बसून काढायची तयारी हवी.

आता तुमची शेतं.

बालीतल्या जातिलुवीह गावची भातखाचरं मी हिरवळीसाठी सुचवली नव्हती. हिरवळ श्रावणात आपल्याकडेही असते. तिथं बघायचं आहे ते पाणी. एका पाटावर भिजणारे सगळे शेतकरी मिळून एक संस्था करतात, तिला सुबक म्हणतात. कोणी कधी लावणी करायची, कोणाला पाणी कधी, ही बोलणी पाण्याच्या देवळात होतात. ही पद्धत नवव्या शतकापासूनची मानतात, आणि 2012 मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारशात घेतलं. 1970 च्या दशकात सरकारनं नवं बियाणं आणून ‘वर्षभर पिकं घ्या, थांबू नका’ असं सांगितलं. देवळाचं वेळापत्रक मोडलं, ज्याला जसं जमेल तसं जो तो लावणी करू लागला, आणि किडीनं पिकं खाल्ली. स्टीफन लान्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं पुढे संगणकावर मांडून दाखवलं की देवळाच्या वेळापत्रकात पक्का हिशेब होता. सगळ्यांनी एकदम लावणी केली तर पाणी पुरत नाही, प्रत्येकानं वेगवेगळी केली तर किडीला कायम चारा मिळतो. मोठा टापू एकाच वेळी मोकळा राहिला तर कीड उपाशी मरते.

यात मला धरून ठेवणारी गोष्ट अशी की वरच्या शेतकऱ्याला खालच्याची गरज पडते. पाणी वरच्याच्या हातात, पण खालच्यानं त्याच्या वेळी रान मोकळं ठेवलं नाही तर कीड वरही चढते. म्हणून वरचा पाणी सोडतो. आता जायकवाडी आठवा. वर नाशिक-नगरची धरणं, खाली आपण, आणि दर टंचाईच्या वर्षी 2005 च्या कायद्यातलं समन्यायी वाटप दाखवत मागणं, आंदोलनं, कोर्ट. आपल्या वरच्याला आपली गरज कशासाठी पडेल, याचं उत्तर आपल्याकडे नाही. बालीची पद्धत इथं उचलून आणता येईल असं मी म्हणत नाही. ती भाताची, उताराच्या जमिनीची, लहान पाटांची गोष्ट आहे. पण गोदावरीच्या खोऱ्यातल्या माणसानं तिथं पर्यटकांसाठी टांगलेल्या पाळण्यावर झोका घेऊन फोटो काढायचा आणि हे न बघता यायचं, हे मला पटत नाही. सकाळी लवकर जा, दुपारी तिकडे ढग भरून येतात.

जेवणाचं थोडक्यात: बालीत कुटा, उबूद या पर्यटकांच्या ठिकाणी भारतीय जेवण मिळतं, वरण-भातावाचून उपाशी राहणार नाही. स्थानिक खायचं तर तेंपे मागवा, आंबवलेल्या सोयाबीनची वडी. लातूरच्या अडतीवर सोयाबीनचा भाव रोज विचारणाऱ्या आपल्या लोकांनी ते कधी ताटात घेतलेलं नसतं. शाकाहारी असाल तर चटणीत वाळवलेल्या कोळंबीचा गोळा असू शकतो, तो नको म्हणून ‘तानपा तेरासी’ सांगायचं. आणि बॅगेत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या टाकू नका, तेलकट आणि पेट घेणाऱ्या म्हणून त्या विमानात नाकारतात.

टूर कंपनीबद्दल तुमचं म्हणणं अर्धं मान्य. आईंचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय, मग सोबत कोणीतरी सगळं बघणारा असला तर बरंच. फक्त पैसे भरण्याआधी विचारा: तिकीट एका पीएनआरवर आहे का, व्हीलचेअर आधी नोंदवाल का (बहुतेक कंपन्या तिचे पैसे घेत नाहीत, पण आधी सांगावं लागतं), आणि पाच लाख रुपियाचा (रुपिया हे इंडोनेशियाचं चलन) तिथं उतरल्यावर मिळणारा आगमन व्हिसा व दीड लाख रुपियाचा बालीचा पर्यटक कर किमतीत धरलाय का. आकडे ऐकून दचकू नका, एका रुपयाला पावणेदोनशेच्या वर रुपिया येतात. तरी चौघांचे मिळून चौदा हजारांच्या आसपास होतात आणि जाहिरातीत ते बहुधा दिसत नाहीत.

तिकिटाआधी एक काम आजच करा. चौघांचे पासपोर्ट काढून तारखा बघा. पोहोचल्यापासून सहा महिने तरी मुदत शिल्लक लागते, आणि मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. धाकटीचा शाळेत जायच्या आधी काढला असेल, तर तो संपत आला असणार.