'किड्यानं खाल्ली म्हणजे बिनविषारी': अळंबीच्या त्या मेसेजबद्दल

जांबोटी-कणकुंबीकडं पावसानं जोर धरला की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एका दिवसात तीनदा आला. त्याचं म्हणणं असं: अळंबी ही बिनबियांची वनस्पती, वीज कडाडली की आपोआप उगवते. किड्यानं कुरतडलेली असेल तर बिनविषारी. शिजवताना चांदीचं नाणं किंवा लसूण टाका, काळं पडलं नाही तर खुशाल खा. तरी भीती वाटली तर दोनदा उकळून पाणी फेका. खाली हात जोडलेले आणि 'जनहितार्थ'.

पहिल्या गोष्टी नुसत्या चुकीच्या आहेत, पुढच्या जिवावर बेतणाऱ्या.

अळंबी वनस्पती नाही, ती बुरशी आहे. बुरशीत हरितद्रव्य नसतं, ती स्वतःचं अन्न बनवत नाही. तिच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, म्हणजे झुरळाच्या, खेकड्याच्या कवचात असतं तेच. 1969 साली व्हिटेकर या शास्त्रज्ञानं सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली तेव्हा बुरशीला वनस्पतींपासून वेगळं घर मिळालं. पुढं जनुकं तपासली तर ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्याच जवळची निघाली. मग श्रावणात चालते का, हे मला विचारू नका, भटजींना विचारा.

बी नाही हे खरं, पण 'आपोआप' नाही. तसं असेल तर कौलावरची हिरवी मखमल आणि विहिरीच्या कडेचं नेचंही आपोआपच म्हणायचं का? नेच्याचं पान उलटं करून बघा, तपकिरी ठिपके दिसतात. त्यातले बीजाणू, म्हणजे धुळीसारखे बारीक कण, ओल्या मातीत पडले की आधी नखाएवढी, बदामाच्या आकाराची हिरवी चकती तयार होते. तिच्यावरच्या पाण्याच्या थरातून नर पेशी पोहत मादी पेशीपर्यंत जाते, तेव्हा कुठं नवं नेचं उगवतं. अळंबीलाही बीजाणूच असतात. छत्री देठापासून कापा, छत्रीखालच्या पडद्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवा, वर वाटी उपडी घाला. सकाळी कागदावर बीजाणूंच्या रांगोळीसारख्या रेषा उमटतात. वारुळाच्या अळंबीची रांगोळी फिकट गुलाबी येते. एकदा शाळेच्या मैदानातली एक पांढरीशुभ्र, टपोरी छत्री आणून ठेवली होती, तिची हिरवट आली. हिरवट रांगोळीची ती जात खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. आणि तिला अळ्या लागलेल्या होत्या, बरं का.

विजेचं म्हणाल तर त्यात कणभर तथ्य आहे. जपानच्या इवाते विद्यापीठात लाकडाच्या ओंडक्यांना विजेचे झटके दिल्यावर शिताके अळंबीचं पीक वाढलेलं दिसलं. पण ओंडक्यात बुरशी आधीच पेरलेली होती. आपल्याकडं वीज आणि पाऊस बरोबरच येतात, श्रेय मात्र विजेला मिळतं.

वारुळाच्या अळंबीची खरी हकिकत या मेसेजपेक्षा कितीतरी रंगतदार आहे. खानापूर रोडला पानात गुंडाळून अळंबी विकणाऱ्या एका मावशींकडून मी एक उपटलेली घेतली. देठ संपला असं वाटतं तिथून खाली मुळासारखी लांब शेपटी होती, टोकाला तुटलेली. ती मूळ नव्हे, जमिनीतल्या वाळवीच्या बागेपर्यंत गेलेला बुरशीचाच दोर. वाळवी लाकूड, पालापाचोळा चावून आणते, त्याचं स्पंजासारखं पोळं रचते आणि त्यावर ही बुरशी पोसते. वाळवीला न पचणारं बुरशी मऊ करून देते. ही शेती सुमारे 3 कोटी वर्षं चाललीय, आपली भातशेती कालची. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1942 साली या बुरशीला टर्मिटोमायसीस नाव दिलं. कसं ओळखता, असं मावशींना विचारलं. त्यांनी नाणं काढलं नाही. "आमच्या बांधावरच्या वारुळातली हाय की. दुसऱ्या जागंची मी खुडतच नाही."

आता विषाचं. अमॅनिटा या अळंबीच्या गटातल्या काही जातींतलं अमॅटॉक्सिन हे विष आपल्या यकृतातल्या पेशींचं प्रथिनं बनवायचं काम थांबवतं. गोगलगायी आणि काही माश्यांच्या अळ्या तीच अळंबी खाऊन ठणठणीत राहतात. त्यांच्या पचण्यावरून आपलं पचणं ठरत नाही. चांदी काळी पडते ती गंधकानं, या विषानं नाही. उलट गंधक लसणातच भरपूर, म्हणजे चांगल्या भाजीतही नाणं काळवंडायचं आणि विषारी भाजीत लखलखीत राहायचं. उकळून हे विष जात नाही, वाळवूनही नाही.

मेसेजात नसलेली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. हे विष खाल्ल्यावर सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा लक्षण दाखवतं. रात्री भाजी खाल्ली, सकाळी उलट्या-जुलाब. मग दिवसभर बरं वाटतं, माणूस चहाही पितो, आणि आत यकृत बिघडत असतं. म्हणून उलट्या थांबल्या तरी घरी बसू नका. ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना घेऊन दवाखान्यात जा, आणि उरलेली अळंबी, निवडताना टाकलेले देठ, काय असेल ते कागदात बांधून सोबत न्या.