आधी चौथऱ्याकडे बघा

वॉल्टर रुनेबर्ग (१८३८–१९२०) या फिनिश शिल्पकाराचं नाव निघालं की ‘राष्ट्रकवीचा मुलगा’ हे शेपूट लागतंच. खोटं नाही ते. वडील योहान लुडविग रुनेबर्ग, राष्ट्रगीताचे कवी. हेलसिंकीच्या एस्प्लनादी बागेतला त्यांचा ब्राँझ पुतळा मुलानेच घडवला. ६ मे १८८५ ला, कवीच्या आठव्या स्मृतिदिनी, त्याचं अनावरण झालं. पण शिल्पकार बघायचा असेल तर वर नाही, खाली बघा, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर कोटातला एक गृहस्थ उभा आहे. त्या काळच्या प्रत्येक शिल्पकाराची हीच गोची: कोट-विजारीत शरीर दिसत नाही आणि ‘साहेब असेच दिसायचे’ म्हणणारे हजार जण हयात असतात. खाली मात्र अस्वलाचं कातडं पांघरून चौथऱ्याला टेकलेली तरुणी आहे, म्हणजे फिनलंड देशच. तिच्याजवळच्या फलकावर राष्ट्रगीताच्या ओळी आहेत, स्वीडिशमध्ये, कारण कवी लिहायचा त्या भाषेत. कोपनहेगनला डॅनिश शिल्पकार बिस्सेनच्या हाताखाली आणि मग रोममध्ये बरीच वर्षं राहून कमावलेलं सगळं इथे वापरलंय.

एवढं मोठं काम म्हणजे ताकदीची परीक्षा. आधी लोखंडी सांगाडा, त्यावर माती. सांगाडा एकदा उभा राहिला की पाय सरकवता येत नाही. तोल चुकला तर गुडघ्यातून सळई डोकावते. माती ओल्या फडक्यांखाली ठेवायची, कारण सुकताना ती आकसते, लोखंड आकसत नाही, आणि भेगा पडतात. मग त्यावरून प्लास्टरची प्रतिकृती. पुढे ओतारी ती तुकड्यातुकड्यांनी ब्राँझमध्ये ओततात: साधारण नऊ भाग तांबं, एक भाग कथील. आत गाभा ठेवून पत्रा सगळीकडे सारखा पातळ राखावा लागतो; जाड जागा उशिरा थिजते, मग तिथे खड्डा पडतो नाहीतर तडा जातो. शेवटी सांधे छिन्नीने मिटवायचे. गुळगुळीत गालावर सांधा आला तर तो लपवताना घाम फुटतो. केसाळ कातड्यात किंवा चुणीत सहज खपतो.

हेलसिंकीच्याच सिनेट चौकातल्या रशियन झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या पुतळ्यातही (१८९४) बघण्यासारखं ते खालीच. तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. स्पर्धेतून पुढे आलेला शिल्पकार योहान्नेस ताकानेन, शेतकऱ्याचा मुलगा, १८८५ ला रोममध्ये पस्तिशीतच गेला आणि काम रुनेबर्गने तडीस नेलं. (ताकानेनचं नाव आज किती जण घेतात?) झार वर गणवेशात उभा, भोवती कायदा, शांती, प्रकाश आणि श्रम असे चार समूह. माझ्या लेखी खरा ऐवज तिथे आहे.

१८९९ मध्ये झार दुसऱ्या निकोलसने फिनलंडच्या स्वायत्ततेवर घाला घातला, तेव्हा निषेध म्हणून लोकांनी ती स्वायत्तता जपणाऱ्या त्याच्याच आजोबांच्या, म्हणजे याच अलेक्झांडरच्या, पुतळ्यापाशी फुलांचे ढीग रचले. फुलांना कोण अटक करणार? स्वातंत्र्यानंतर झार हटवण्याच्या मागण्या झाल्या, पण पुतळा आजही तिथेच आहे.