'शेतकरी लीग'वाल्या फॉरवर्डला उत्तर

नागपूर-कामठीच्या फुटबॉल ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: दर्जेदार लीग एकच, इंग्लंडची प्रीमियर लीग. जर्मनी, फ्रान्स, इटली म्हणजे 'शेतकरी लीग'. तिथं दरवर्षी एकच टीम जिंकते. इंग्लंडमध्ये कोणीही कोणालाही हरवतं, अन् युरोपात इंग्लिश क्लबांपुढं कोणी टिकत नाही. (कापूस-संत्र्याच्या मुलखात बसून 'शेतकरी' म्हणून हिणवायचं, कमाल आहे बुवा!)

एकच टीम जिंकते? जर्मनीच्या बायर्न म्युनिकपुरतं मान्य: २०१३ ते २०२३ सलग ११ वेळा. पुढच्याच मोसमात तिथल्याच लेव्हरकुसेन क्लबनं लीगमध्ये एकही सामना न गमावता ती मालिका मोडली. पण २०१८ ते २०२४ या सात मोसमांत इंग्लंडमध्ये मँचेस्टर सिटी सहा वेळा जिंकली, त्याला काय म्हणायचं? इटलीत २०२० ते २०२३ मध्ये चार वर्षांत चार विजेते झाले: युव्हेंटस, इंटर, मिलान, नापोली.

युरोपचं थोडक्यात. २०१४ ते २०१८ पाचही चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) स्पेनमध्ये गेल्या. २०२५ मध्ये फ्रान्सच्या पीएसजी क्लबनं (पॅरिस) आधी सिटीला ४-२ हरवलं, मग बाद फेरीत लिव्हरपूल, व्हिला, आर्सेनल अशी इंग्लिश क्लबांची रांगच लोळवली. फायनलला इटलीच्या इंटरवर ५-०.

'कोणीही कोणालाही हरवतं' हे मात्र नीट तपासण्यासारखं आहे. २०२३-२४ ला खालच्या लीगमधून वर चढलेल्या लुटन, बर्नली, शेफील्ड युनायटेड तिन्ही त्याच मोसमात परत खालच्या लीगमध्ये गेल्या. पुढच्या वर्षी लेस्टर, इप्सविच, साउदम्प्टनचंही तेच. साउदम्प्टनला ३८ सामन्यांत १२ गुण! कारण पैसा. तिथं शेवटच्या नंबरच्या क्लबलाही टीव्ही अन् लीगच्या वाट्यातून १० कोटी पौंडांच्या वर मिळतात; जे वर्षानुवर्षं आत आहेत त्यांनी त्यातून टीम बांधून ठेवलेली असते, नवा आलेला एका उन्हाळ्यात काय काय घेणार? त्याच पैशावर तिथली बाराव्या नंबरची टीम दुसऱ्या देशातल्या चॅम्पियन्स लीग खेळणाऱ्या क्लबचा स्ट्रायकर उचलून आणते. म्हणजे इंग्लंड भारी आहे ते मधल्या नंबरांच्या क्लबांत. युएफाच्या (युरोपची फुटबॉल संघटना) देशांच्या क्रमवारीत ते वर दिसतं तेही म्हणूनच: तिथं एका देशाच्या सगळ्या क्लबांचे गुण मिळवून क्लबांच्या संख्येनं भागतात. ती सरासरी झाली. विजेता किती तगडा अन् तळ किती कच्चा, ते त्यात दिसत नाही.

आपल्याला इंग्लंडच दिसतं याला घड्याळही कारणीभूत आहे. तिथले शनिवारचे सामने आपल्याकडे साडेसात-साडेआठला लागतात, चहा घेत बघता येतात. स्पेनच्या रेआल माद्रिदचा सामना हिवाळ्यात कित्येकदा रात्री दीडला सुरू होतो. सकाळी बुटीबोरीची शिफ्ट असलेला माणूस तो कधी बघणार? पण जर्मनीचे बहुतेक शनिवारचे सामने सात-आठलाच असतात. डॉर्टमुंडचा घरचा सामना लावा एकदा, एकाच स्टँडमध्ये २५ हजारांच्या आसपास लोक उभ्यानं ओरडत असतात. फॉरवर्ड नंतर करा.