रोजचे दहा सेकंद

माझं लिनक्सवालं मशीन सुरू झालं की मी रोज एक ओळ टाइप करायचो. नेटवर्कवरची डिस्क जोडायची कमांड. सुडो (म्हणजे ॲडमिनचे अधिकार मागणं), पासवर्ड, एंटर; दहा सेकंदांचं काम. एका शनिवारी सकाळी डोक्यात आलं, हे आपोआप व्हायला काय हरकत आहे? शनिवार-रविवार त्यात कामी आले.

आधी आरसी डॉट लोकल, म्हणजे मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कमांडींची फाइल. जुन्याजाणत्यांचा एकमुखी सल्ला. बघतो तर फाइलच नाही. बरं, बनवली. रीबूट. शुकशुकाट. फाइल नुसती असून भागत नाही, तिला एक्झिक्यूटची परवानगी लागते. नसेल तर सिस्टिमडी, म्हणजे मशीन सुरू होताना बाकी सगळ्यांना उठवणारा प्रोग्रॅम, तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. हे मला कळेपर्यंत मी क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, दारात उभा होतो.

ती कमांड एका स्क्रिप्टमध्ये घातली आणि क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, तिच्यापुढे 'ॲट रीबूट' लिहिलं. हाताने चालवली की स्क्रिप्ट शहाण्या बाळासारखी चालायची, क्रॉनकडून मात्र ढिम्म. लॉग उघडला. मेल पाठवणारं कोणी नाही, सबब आउटपुट टाकून दिलं, अशी नोंद. म्हणजे क्रॉन बिचारा तक्रार टपालाने पाठवायला निघाला होता आणि माझ्या मशीनवर टपालखातंच नव्हतं! तक्रार फाइलमध्ये वळवली, तेव्हा कळलं: कमांड सापडत नाही. स्क्रिप्ट माझ्या स्वतःच्या बिन फोल्डरमध्ये, आणि क्रॉनचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, आखूड. दोन फोल्डरांपलीकडे त्याची कुणाशी ओळखदेख नाही. पूर्ण पत्ता दिला. आता नवं रडगाणं: नेटवर्क अनरीचेबल. हे महाशय वायफायच्या आधीच उठून बसत होते. मग मी ते केलं जे सगळे करतात आणि कुणी कबूल करत नाही. वरती 'स्लीप ३०' लिहिलं. कधी चालायचं, कधी वायफायला नेमका एकतिसावा सेकंद लागायचा.

रविवारी दुपारी सिस्टिमडीला शरण गेलो. नऊ ओळींची सर्व्हिस फाइल, म्हणजे काय आणि कधी चालवायचं याची त्याला चिठ्ठी, 'नेटवर्क लागल्यावरच' असं सांगणाऱ्या नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटच्या 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स'सकट. (आधी नुसतं नेटवर्क टार्गेट लिहून तास घालवला, ते नेटवर्क खरोखर लागल्याची हमी देतच नाही.) मग सिस्टिमडीला हुकूम: सिस्टिमसीटीएल स्टार्ट. डिस्क हजर! रीबूट. डिस्क गायब. स्टार्ट म्हणजे आत्तापुरतं. दर वेळी हवं असेल तर इनेबल. ते मी केलंच नव्हतं. केलं. जमलं.

सोमवारी मित्राला कौतुकाने दाखवलं. त्याने नऊच्या नऊ ओळी शांतपणे वाचल्या.

"डिस्कच जोडायची होती ना रे? मग एफएसटॅबमध्ये, त्या सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत, एक ओळ पुरली असती की."

"माहितीये मला," मी म्हणालो.