कोन फिल्टर आणि डिचोलीची धूळ

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. मला तो चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. त्यात म्हटलंय: कंपनीचा कागदी एअर फिल्टर इंजिनाचा श्वास कोंडतो, तो आणि त्याचा प्लास्टिकचा डबा काढून टाका, शंकूच्या आकाराचा उघडा 'कोन' फिल्टर बसवा, ताकद 10 ते 15 टक्के वाढते, मायलेज वाढतं, आवाज रेसिंग कारसारखा होतो आणि फिल्टर धुऊन आयुष्यभर वापरता येतो. सोबत व्हिडिओ, उघडं बॉनेट आणि आत चकचकीत लाल कोन. आमच्या गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या बऱ्याच पोरांनी हे करून घेतलंय, त्यात माझा भाचाही. मी इथे पंचवीस वर्षं गॅरेज चालवतो. या मेसेजवर गप्प बसणं मला जमत नाही.

आवाजाचा दावा खरा आहे, म्हणून आधी तोच. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर निघतो. एअर फिल्टरच्या डब्याला किंवा पाइपला जोडलेली जी पोकळ कुपी दिसते, ती याच तत्त्वावर चालते, फक्त तिचं काम उलटं: इंजिन हवा ओढताना जो घुमारा होतो त्यातला ठरावीक सूर ती गिळून टाकते. डबा काढलात की घुमारा मोकळा सुटतो. अॅक्सिलरेटर दाबताच बॉनेटखालून जी खोल गुरगुर येते ती मलाही आवडते, खोटं कशाला बोलू. तेवढ्यासाठी कुणी पैसे घालत असेल तर ती त्याची हौस. पण त्या आवाजाला ताकद समजू नका.

ताकदीचा हिशेब साधा आहे. 1.2 लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं. म्हणजे 6000 आरपीएमला, अगदी पूर्ण सिलिंडर भरले असं धरलं तरी, मिनिटाला 3600 लिटर. कागदाला इतक्या घड्या घातलेल्या असतात त्या एवढी हवा विनासायास जावी म्हणूनच. एखादा जुना फिल्टर फाडून घड्या उलगडून बघा, वर्तमानपत्राच्या एका पानात तो कागद मावत नाही. स्वच्छ असताना त्यातून जाताना हवेचा दाब घटतो तो पूर्ण जोरातसुद्धा साधारण टक्काभर. मग फिल्टर अजिबात न लावता गाडी पळवली तरी 80 बीएचपीच्या इंजिनाला जास्तीत जास्त एखादा बीएचपी मिळेल. 10-15 टक्के येणार कुठून?

उलट बहुतेक वेळा ताकद जाते, कारण कोन बसतो तो इंजिनाच्या कुशीत. कंपनीचा पाइप ग्रिलपाशी किंवा हेडलाइटच्या मागून बाहेरची हवा घेतो. उघडा कोन रेडिएटर आणि एक्झॉस्टवरून आलेली हवा ओढतो. भाच्याच्या गाडीला मी सेन्सरचे आकडे दाखवणारा ओबीडी स्कॅनर जोडला आणि शुक्रवारी आम्ही दोघं म्हापशाला गेलो. बाजाराच्या दिवशी तिथे गाडी कशी रखडते ते सांगायला नको. स्क्रीनवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान 62 अंश. पुढच्या शुक्रवारी जुना डबा लावून त्याच वेळेला, त्याच रस्त्यावर 44. हवा 44 वरून 62 वर गेली की तिची घनता पाच टक्क्यांहून अधिक घटते, म्हणजे सिलिंडरमध्ये ऑक्सिजन तेवढा कमी. शिवाय हवा गरम दिसली की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठोकठोक) होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्क उशिरा देतो, त्यातही जोर जातो. रस्ता मोकळा झाला की हा फरक कमी होतो, हे मान्य. पण आपल्याकडे दुपारी मोकळा रस्ता मिळतो किती?

"पण मामा, गाडी हलकी वाटते रे," असं भाचा म्हणाला. वाटणारच. कान आधी सांगतो आणि पाय त्याचं ऐकतो. आवाज यावा म्हणून पेडल जास्त दाबलं जातं.

रेसिंग गाड्यांचा दाखला देणाऱ्यांना एवढंच सांगेन की त्या कोनाला बाहेरून थंड हवेचा वेगळा मार्ग दिलेला असतो, ईसीयूचं मॅपिंग, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्कचं गणित, बदललेलं असतं आणि ते इंजिन थोड्याच शर्यतींनंतर उघडून पुन्हा बांधतात. तुमचं दीड लाख किलोमीटर चालायला हवं. तुम्हीही टर्बो, मॅप, एक्झॉस्ट सगळं बदलत असाल तर फिल्टर बदलण्याला अर्थ आहे, तो वेगळा विषय.

मायलेजचं तर 2009 मध्ये अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने तपासून झालंय. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत मुद्दाम तुंबवलेला फिल्टर लावला तरी मायलेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक दिसला तो पिकअपमध्ये. कारण सरळ आहे: हवा कमी आली की ईसीयू पेट्रोलही तेवढंच कमी सोडतो. तुंबलेल्या फिल्टरने मायलेज पडत नसेल, तर जास्त मोकळ्याने ते वाढेल कसं? जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने मायलेज पडायचं, तोच अनुभव लोक अजून उराशी धरून आहेत.

आता धूळ. मेसेजमध्ये हिचा शब्दही नाही आणि मला राग आहे तो याचाच.

आपली तांबडी माती म्हणजे जांभ्याचा भुगा: लोखंडाचे आणि अॅल्युमिनियमचे ऑक्साइड, त्यात क्वार्ट्झचे कण. खाणपट्ट्यात खनिजाची भर वेगळीच. उसगाव, धारबांदोडा, सावर्डे, कुडचडे या बाजूला ट्रकच्या मागे गाडी चालवलेल्याला मी काय सांगू. इंजिनाला सर्वांत घातक कण 10-20 मायक्रॉनच्या आसपासचे, केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी. ते पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यामधल्या ऑइलच्या थरात शिरतात आणि पॉलिश पेपरसारखं घासत राहतात. चांगला कागद हे कण अडवतो, आणि वर धुळीचा पातळ थर बसला की आणखी चांगला अडवतो. कापसाच्या जाळीचा ऑइल लावलेला कोन हवा मोकळी सोडतो, कारण त्याची छिद्रं मोठी असतात. हवेबरोबर बारीक धूळही जाते.

भाच्याचा कोन सात महिने चालला होता. मी क्लॅम्प सैल करून कोन काढला आणि त्याच्या पुढच्या रबरी पाइपमध्ये, म्हणजे फिल्टरने गाळून झालेली हवा जिथे असते तिथे, पांढरा रुमाल बोटावर गुंडाळून फिरवला. रुमालावर लाल पट्टा आला. बोटाने चोळला तर कचकचत होता. भाचा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच माळ्यावरून जुना डबा उतरवून घेऊन आला.

अशी धूळ खाल्लेलं इंजिन एका दिवसात बंद पडत नाही. आधी ऑइल कमी होऊ लागतं, मग सायलेन्सरमधून निळसर धूर, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पडतं. तोवर दोन वर्षं गेलेली असतात आणि फिल्टरची आठवण कुणालाच राहत नाही. बिल येतं ते इंजिन उघडण्याचं. वॉरंटीतल्या गाडीला असा कोन दिसला तर वॉरंटीचा दावा मान्य होण्याची आशा कमीच.

"आयुष्यभर" म्हणतात ते धुणंही सोपं नाही. धुऊन तो सावलीत पूर्ण वाळवावा लागतो, मग मोजून ऑइल लावायचं. आपल्या आषाढात टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तर जाड कापूस कधी वाळणार? ऑइल कमी पडलं तर धूळ आत, जास्त झालं तर ज्या गाड्यांत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे, तिथे त्याच्या तापलेल्या तारेवर ऑइल बसून रीडिंग चुकतं.

गरम हवेवर उपाय म्हणून काही जण कोन लांब पाइपने खाली बंपरमागे नेतात. गोव्यात हे करू नका, कळकळीने सांगतो. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं, तेव्हा तो कोन पाण्यात बुडतो. पाणी दाबलं जात नाही; सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर साधा विमा सहसा हात वर करतो. कंपनीने पाइपचं तोंड उंचावर ठेवलंय ते पाण्यासाठीच.

वेगळा फिल्टर हवाच असेल तर कंपनीच्या डब्यातच बसणारा, नावाजलेला घ्या. त्यात नुकसान त्यातल्या त्यात कमी. नाहीतर साधा कागदी फिल्टर वेळेवर बदला. मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांसाठी कमी अंतराचा वेगळा आकडा दिलेला असतो, आपल्याला तोच लागू. गॅरेजमध्ये जोरात हवा मारून जुनाच फिल्टर परत बसवू देऊ नका, त्या झोताने कागदाला बारीक भोकं पडतात. आणि ज्यांनी कोन आधीच बसवलाय त्यांनी या रविवारी इंजिन थंड असताना क्लॅम्प सोडवून पाइपमध्ये पांढरा रुमाल फिरवून बघा.